घरातील औषधांचा डबा

बहुतेक घरांत एक डबा असतो. बिस्किटांचा जुना पत्र्याचा, नाहीतर मिठाईचा पुठ्ठ्याचा. फडताळाच्या वरच्या फळीवर तो ठेवलेला असतो. तापाच्या उरलेल्या गोळ्या, खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली, मलमाची पिळवटलेली नळी, जलसंजीवनीचे एखादे पाकीट, कापूस आणि केव्हा तरी कोणी तरी आणलेल्या, परंतु कशासाठी आणल्या हे कोणालाच न आठवणाऱ्या गोळ्या असा सर्व ऐवज त्यात असतो. रात्री-अपरात्री कोणाला बरे वाटेनासे झाले की प्रथम हा डबा उघडला जातो. डॉक्टरांची आठवण त्यानंतर होते.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर कामानिमित्त एका प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्याचा योग आला. तेथील औषधनिर्माण अधिकाऱ्यांनी गावातील महिलांना आपापल्या घरचे असे डबे घेऊन बोलावले होते. ओसरीवर मांडलेल्या टेबलावर एकेक डबा रिकामा करायचा, प्रत्येक वस्तू हातात घेऊन ती काय आहे, कशासाठी आहे आणि ठेवावी की टाकावी हे सांगायचे, असा तो साधा कार्यक्रम होता. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी त्याचा संबंध शाळेतच संपला. वृत्तान्त लिहिण्यासाठी तो तेथे गेला होता. परंतु त्या दुपारी जे पाहिले आणि ऐकले त्यामुळे घरी परतल्यावर त्याने प्रथम स्वतःच्या घरचा डबा उपडा केला. त्यात सहा वर्षांपूर्वी मुदत संपलेले डोळ्यांत घालावयाचे थेंब निघाले!

गोळी म्हणजे केवळ औषध नव्हे

आपण ज्याला गोळी म्हणतो त्या गोळीत प्रत्यक्ष गुणकारी द्रव्य हा एक भाग असतो. त्याच्या जोडीला गोळी बांधून ठेवणारा स्टार्च, ती पोटात गेल्यावर फुटावी म्हणून घातलेली द्रव्ये, रंग, कधी साखरेचे कवच अशी सहायक द्रव्ये असतात. पातळ औषधात या सहायक द्रव्यांचे महत्त्व आणखी वाढते, कारण औषध ज्यात विरघळवले आहे तो द्रवच बाटलीचा बहुतांश भाग व्यापतो. तेव्हा कोणतेही औषध पाहताना त्यातील द्रव्य कोणते, ते किती आहे आणि ते कशात मिसळले आहे, असे तीन प्रश्न मनात यावयास हवेत. यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वेष्टनावर छापलेली असतात. तिसऱ्याचे उत्तर ग्राहकाला दिसत नाही. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

वेष्टनावर कंपनीने ठेवलेले नाव मोठ्या अक्षरांत असते आणि द्रव्याचे खरे नाव त्याखाली, बहुधा बारीक अक्षरांत असते. या खऱ्या नावापुढे ‘आय. पी.’ ही दोन अक्षरे आढळतात. ती ‘इंडियन फार्माकोपिया’ म्हणजे भारतीय औषधिकोशाची होत. या कोशाची पहिली आवृत्ती १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. द्रव्य किती शुद्ध असावे आणि त्याची परीक्षा कशी करावी याचे नियम त्यात दिलेले असतात. कंपन्यांची नावे शंभर असली तरी द्रव्याचे नाव एकच असते. दोन निरनिराळ्या नावांच्या गोळ्या प्रत्यक्षात एकच औषध आहेत हे ओळखण्याचा सर्वसामान्य माणसाजवळ हाच एक मार्ग आहे.

तापाची गोळी

टेबलावर सर्वांत अधिक संख्येने निघाली ती पॅरासिटामॉलची गोळी. या द्रव्याच्या कुळाची कथा मोठी गमतीची आहे. १८८६ मध्ये स्ट्रासबुर्ग येथील कान आणि हेप या दोन तरुण डॉक्टरांनी पोटात जंत झालेल्या एका रुग्णासाठी नॅप्थॅलीन, म्हणजे आपल्या डांबरगोळ्यांतील द्रव्य, मागविले. औषधालयाकडून चुकून निराळेच द्रव्य आले. जंत गेले नाहीत. परंतु रुग्णाचा ताप मात्र झपाट्याने उतरला. ते द्रव्य ॲसिटॅनिलाइड होते. ते तापावर वापरात आले, पण त्याच्या सेवनाने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होऊन रुग्णाचे ओठ निळे पडत. १९४८ मध्ये ब्रोडी आणि ॲक्सेलरॉड या अमेरिकी संशोधकांनी असे दाखविले की, ॲसिटॅनिलाइडचे शरीरात मुख्यतः पॅरासिटामॉलमध्ये रूपांतर होते आणि ताप व वेदना कमी करण्याचे काम हे पॅरासिटामॉलच करते. मग मूळचे विषारी द्रव्य घेण्याचे कारण उरले नाही.

पॅरासिटामॉल ताप उतरविते, डोकेदुखी व अंगदुखी कमी करते. सूज मात्र ते फारशी उतरवीत नाही. पोटाच्या अस्तराला ते त्रास देत नाही. तापाच्या कारणावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. हिवतापाचे परजीवी किंवा विषमज्वराचे जंतू त्याने मरत नाहीत. ताप उतरला म्हणजे आजार गेला असे समजून दोन-तीन दिवस गोळ्यांवर काढणारी माणसे अखेर गंभीर अवस्थेत रुग्णालयात पोहोचतात, ती या गैरसमजामुळेच.

या गोळीची दुसरी बाजू यकृताशी संबंधित आहे. नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉलचा थोडा अंश यकृतात एका विषारी पदार्थात बदलतो आणि यकृतातील ग्लुटाथायोन हे द्रव्य त्याला लगेच निकामी करते. मात्रा फार वाढली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि ते विष यकृताच्या पेशींवरच चालून जाते. दुर्दैवाची गोष्ट अशी की, पहिल्या दिवशी थोडी मळमळ यापलीकडे काही जाणवत नाही. यकृत बिघडल्याची लक्षणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागतात. ॲसिटिलसिस्टीन हा यावरील उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर फार गुणकारी ठरतो. म्हणून अशा प्रसंगी ‘माणूस तर चांगला बोलतो आहे’ असे म्हणून वाट पाहणे धोक्याचे असते.

निरोगी प्रौढ माणसाने २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही मर्यादा ओलांडता कामा नये. नित्य मद्यपान करणारे, यकृताचा विकार असलेले आणि कृश माणसे यांच्या बाबतीत ही मर्यादा आणखी खाली येते. सर्दी-पडशावरील अनेक तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. तापाची एक आणि सर्दीची एक अशा दोन गोळ्या घेणारा मनुष्य नकळत एकच औषध दोनदा घेत असतो.

त्या दिवशी एका तरुण आईने जी हकीकत सांगितली ती ऐकून ओसरीवर क्षणभर शांतता पसरली. तिच्या दोन वर्षांच्या मुलाला डॉक्टरांनी तापासाठी एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, पातळ औषध सांगितले होते. त्या औषधाच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. रात्री बाटली संपली. डब्यात मूल तान्हे असतानाची थेंबांची बाटली होती. औषध तेच, कंपनी तीच, चवही तीच. तिने त्यातले एक चमचा औषध दिले. थेंबांच्या बाटलीत मात्र दर एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम द्रव्य असते, कारण तान्ह्या मुलाच्या तोंडात थोडेच औषध घालावयाचे असते. मुलाच्या पोटात १२५ ऐवजी ५०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट औषध गेले. सकाळी डॉक्टरांकडे गेल्यावर हा प्रकार लक्षात आला. एकदाच दिले गेले म्हणून निभावले. तेच दिवसातून चार वेळा दिले गेले असते तर दहा किलो वजनाच्या त्या मुलाच्या अंगात दिवसभरात २,००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल गेले असते, आणि एवढी मात्रा यकृताला घातक ठरू शकते. त्या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते असे नव्हे. त्या दहावी उत्तीर्ण होत्या. थेंब आणि पातळ औषध यांत फरक असतो हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

मुलांसाठी मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते. दर किलो वजनामागे एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, दोन वेळांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि २४ तासांत चार वेळांहून अधिक नाही, असा हिशेब डॉक्टर करतात. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला तर घरी औषध देत बसण्यापेक्षा त्याला डॉक्टरांकडे नेणे आवश्यक असते. बाटलीसोबत आलेले मापाचे झाकण किंवा नळीच वापरावी. घरातील चमच्यांचे माप सारखे नसते; आरोग्य केंद्रात सहा घरांतून आणलेल्या सहा चमच्यांत पाणी मोजून पाहिले, तेव्हा कोणत्याही दोघांचे माप जुळले नाही.

ॲस्पिरिन आणि पाऊसकाळ

विलो वृक्षाच्या सालीपासून सुरू झालेला ॲस्पिरिनचा प्रवास १८९९ मध्ये बाजारात आलेल्या गोळीपर्यंत पोहोचला. हे औषध ताप आणि वेदना कमी करते, सूजही उतरविते. शिवाय रक्त गोठविण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट नावाच्या कणिकांना ते एकमेकींना चिकटू देत नाही. या शेवटच्या गुणामुळे ७५ मिलिग्रॅमसारख्या अल्प मात्रेत ते अनेक हृदयरुग्णांना कायमचे दिले जाते. डेंग्यूमध्ये मात्र प्लेटलेट आधीच घटलेल्या असतात आणि रक्तस्रावाचा धोका असतो. तेथे हाच गुण अवगुण ठरतो. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर येणारा ताप डेंग्यूचा नाही असे ठरेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, असे डॉक्टर बजावतात ते यासाठीच. हृदयविकारासाठी ज्यांना ॲस्पिरिन चालू आहे त्यांनी ते परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे. सोळा वर्षांखालील मुलांना विषाणूजन्य तापात ॲस्पिरिन दिल्यास राय संलक्षण हा मेंदू व यकृताचा दुर्मिळ परंतु घातक विकार होऊ शकतो. म्हणून ते मुलांना तापासाठी देत नाहीत.

ॲस्पिरिनची जुनी गोळी ओळखण्याची एक सोपी खूण त्या दिवशी कळली. दमट हवेत ही गोळी हळूहळू विघटित होते आणि त्यातून ॲसिटिक आम्ल सुटते. बाटली उघडताच शिरक्यासारखा आंबूस वास आला तर गोळ्या टाकून द्याव्यात.

जलसंजीवनी

डब्यांतून निघालेल्या वस्तूंमध्ये सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू होती ती जलसंजीवनीचे, म्हणजेच ओआरएसचे, पाकीट. ‘त्याने काय होणार, मीठ-साखर तर आहे’ असे एक आजीबाई म्हणाल्या. त्यांचे वर्णन बरोबर होते. प्रश्न तेवढाच रास्त होता.

१९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेवरील बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाच्या सलाइनचा साठा अपुरा पडू लागला. तेथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी एका लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात द्रावण तयार करून ते पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांकरवी ते पाजण्यास आरंभ केला. जेथे मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होते तेथे ते चार टक्क्यांच्या खाली आले. नळी नाही, सुई नाही. पेल्याने पाजलेले पाणी! डॉ. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मरणोत्तर जाहीर झाला. त्यांच्याही आधी, १९५३ मध्ये, कलकत्त्याच्या डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी तोंडाने द्यावयाच्या अशाच द्रावणाने पटकीचे रुग्ण बरे केल्याचे प्रसिद्ध केले होते. त्याकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही.

नुसते पाणी पाजून हे का साधत नाही? आतड्याच्या अस्तरात अशी एक वाट आहे की जिच्यातून मिठातील सोडियम आणि ग्लुकोज हे जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषले जाते. पटकीसारख्या रोगात बाकीची यंत्रणा कोलमडली तरी ही वाट शाबूत राहते. साखर ही गोडीसाठी नव्हे, तर मिठाला आणि पाण्याला आत नेण्यासाठी आहे. हे समजले की प्रमाणाचे महत्त्वही समजते. साखर जास्त झाली तर ती उलट शरीरातील पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झाले तर रक्तातील सोडियम वाढून बालकाला झटके येऊ शकतात. पाणी जास्त झाले तर औषध कमी पडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून मान्य केलेल्या सूत्रानुसार एका लिटरच्या पाकिटात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असे एकूण २०.५ ग्रॅम मिश्रण असते. पूर्वीच्या सूत्राहून यात मीठ व साखर कमी आहे आणि ते अधिक गुणकारी ठरले आहे. सोड्याऐवजी सायट्रेट आले त्याचे कारण अगदी व्यवहाराचे आहे: दमट उष्ण हवेत ग्लुकोजच्या संगतीत सोड्याची पाकिटे तपकिरी पडून खराब होत असत.

एका लिटरचे संपूर्ण पाकीट एकाच वेळी एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळावे. अर्धे आज, अर्धे उद्या असे करू नये, आणि पेल्याभर पाण्यात सगळे पाकीट तर कदापि घालू नये. लहान पाकिटे २०० मिलिलिटरसाठी असतात. त्यावर लिहिलेले पाण्याचे माप पाहावे. पाणी उकळावयाचे असल्यास ते आधी उकळून गार करावे, तयार द्रावण उकळू नये. ते २४ तासांत संपवावे, उरले तर ओतून टाकावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून निभावता येते. मीठ घातलेली तांदळाची पेजही चालते. अंगावरचे दूध थांबवू नये. डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनासे झाले, पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडली असता ती सावकाश मागे जाऊ लागली, मूल मलूल झाले किंवा पिईनासे झाले, तर द्रावण पाजत पाजतच त्याला रुग्णालयात न्यावे.

पाकिटासोबत आशा स्वयंसेविका जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, चौदा गोळ्या देतात. सहा महिन्यांवरील बालकाला २० मिलिग्रॅम व दोन ते सहा महिन्यांच्या बालकाला १० मिलिग्रॅम, याप्रमाणे रोज एकदा चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या पुढे चालू ठेवावयाच्या असतात, कारण पुढील काही महिन्यांत पुन्हा अतिसार होण्याचा संभव त्याने कमी होतो. येथे बहुतेक घरांत खंड पडतो. टेबलावर आलेल्या झिंकच्या पट्ट्यांपैकी एकही रिकामी नव्हती.

दुकानात कागदी खोक्यांतून मिळणारी फळांच्या चवीची गोड पेये ही जलसंजीवनी नव्हेत. त्यांपैकी काहींच्या नावातच ‘ओआरएस’ ही अक्षरे असत. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. जुलाब झालेल्या बालकाला असे अतिगोड पेय देणे म्हणजे काय, हे वरील विवेचनावरून ध्यानात येईल.

बाटलीतील गोडवा

आता त्या तिसऱ्या, ग्राहकाला न दिसणाऱ्या गोष्टीविषयी. पातळ औषधांत ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल यांसारखे दाट, गोडसर द्रव वापरतात. डायएथिलीन ग्लायकॉल हा औद्योगिक द्रव दिसण्यात आणि चवीत त्यांच्यासारखाच असतो, पण तो मूत्रपिंडे निकामी करतो. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध या द्रवात विरघळवून विकले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. औषधात दोष नव्हता. तो ज्यात विरघळवले त्यात होता. पुढच्याच वर्षी तेथे औषधांची सुरक्षितता आधी सिद्ध करण्याची सक्ती करणारा कायदा झाला.

ही केवळ परदेशातील हकीकत नाही. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण मृत्युमुखी पडले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ होती. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली आणि खरेदीपासून तपासणीपर्यंतचे दोष उघड केले. त्यानंतर चार दशके लोटली. २०२२ मध्ये गांबिया या आफ्रिकी देशात भारतात बनलेल्या पातळ औषधांशी सुमारे ७० बालकांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याचे दूषित औषध घेतलेली वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते. शासनाचे नियम आहेत, प्रयोगशाळा आहेत, निरीक्षक आहेत. तरीही हे घडले, हे एका शासकीय मासिकात लिहिताना संकोच वाटतो. पण लिहिले पाहिजे.

ग्राहकाला घरी बसून या विषाची परीक्षा करता येत नाही. मात्र मुळात हे औषध लागते का, हा प्रश्न त्याला विचारता येतो. मुलांचा सर्दी-खोकला बहुधा विषाणूंमुळे होतो आणि आपोआप बरा होतो. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सर्वसाधारणपणे सुचवू नयेत, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्व राज्यांना कळविले. कोमट पाणी, पुरेशी विश्रांती आणि एक वर्षावरील मुलाला चमचाभर मध एवढ्यावर बहुतेक वेळा भागते. मूल एखादे पातळ औषध घेत असताना त्याची लघवी कमी झाली किंवा बंद झाली, तर तत्क्षणी औषध थांबवून बाटलीसह रुग्णालय गाठावे. बाटली महत्त्वाची, कारण तिच्यावरील तुकडीचा क्रमांक हाच अन्न व औषध प्रशासनाला धागा असतो.

इतर काही

लाल रंगाची, साखरेचे कवच असलेली लोहाची गोळी गरोदर स्त्रियांना मिळते. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. चहातील टॅनिन लोहाला धरून ठेवते, म्हणून चहाबरोबर ती घेतली तर अर्धी वाया जाते. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घेणे चांगले. शौचाचा रंग काळा होतो, त्याला भिऊन गोळ्या बंद करणाऱ्या स्त्रिया पुष्कळ. हीच गोळी लहान मुलाला मात्र खडीसाखरेच्या गोळीसारखी दिसते, आणि मूठभर लोहाच्या गोळ्या खाल्लेले मूल दगावू शकते. डबा वरच्या फळीवर ठेवण्याची आपली जुनी पद्धत याबाबतीत अगदी योग्य होय.

आम्लपित्तावरील पांढऱ्या पातळ औषधात मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम यांची हायड्रॉक्साइडे एकत्र असतात. पहिल्याने शौचास पातळ होते, दुसऱ्याने बद्धकोष्ठ होतो. दोन्ही एकमेकांचा दोष झाकतात.

पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे अजून काही घरांत आहेत. ते पाण्यात पुरेसे विरघळवूनच वापरावयाचे. खडा त्वचेवर राहिला तर भाजते. ग्लिसरीनच्या बाटलीशेजारी ते ठेवू नयेत, कारण दोन्ही मिसळली तर आपोआप पेट घेतात.

उरल्या त्या प्रतिजैविकांच्या अर्ध्या पट्ट्या. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा राहिला, तेव्हा पेनिसिलीन देशात बनू लागणे ही अभिमानाची गोष्ट होती. आज हीच औषधे चिंतेचा विषय झाली आहेत. ती जिवाणूंवर काम करतात, विषाणूंवर नाही. साध्या सर्दीत त्यांचा उपयोग शून्य. अकारण आणि अर्धवट वापरामुळे त्यांना दाद न देणारे जिवाणू वाढतात. ज्या पट्टीच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ आहे ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यावयाचे नाही, आणि शेजाऱ्याला तर द्यावयाचेच नाही.

डबा पुन्हा भरताना

औषधांचे तीन शत्रू आहेत: उष्णता, ओलावा आणि प्रकाश. आपल्याकडे डबा चुलीजवळ, न्हाणीघरात किंवा देव्हाऱ्याखाली ठेवतात. या तिन्ही जागा वाईट. मुदत महिना व वर्ष अशी दिलेली असते आणि त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ती असते. परंतु डोळ्यांचे थेंब एकदा उघडले की ही छापील मुदत लागू राहत नाही. बहुतेक थेंब महिन्याभरात टाकून द्यावे लागतात.

त्या दुपारी एकवीस डबे तपासून झाले, तेव्हा टेबलाखालची खोकी भरली होती. प्रत्येक डब्यात परत गेले ते थोडेच: पॅरासिटामॉलच्या गोळ्या, जलसंजीवनीची दोन पाकिटे, झिंकच्या गोळ्या, जखमेवर लावण्याचे पोव्हिडोन आयोडीन, कापूस व पट्टी, मापाचे झाकण आणि घरातील ज्यांना कायमचे औषध चालू आहे त्यांची औषधे, त्यांच्या चिठ्ठीसह. थेंबांच्या बाटलीवर औषधनिर्माण अधिकाऱ्यांनी जाड शाईने ‘थेंब – चमच्याने नाही’ असे लिहून दिले. शेवटी त्यांनी एक कात्री उचलली आणि गोळ्यांची पट्टी कोणत्या बाजूने कापावयाची ते दाखविले. नाव व मुदत छापलेली बाजू शेवटच्या गोळीपर्यंत शिल्लक राहावी, अशा रीतीने.